चर्च हॉलमधली शॉम

त्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला होते. पंचाहत्तरी ओलांडली तरी त्यांना घरात बसवत नाही. जुन्या वाद्यांच्या ओपन डेची नोटीस त्यांनीच लायब्ररीत वाचली आणि शनिवारी मला गाडी काढायला लावली.

चर्च हॉलमध्ये करड्या केसांच्या एक बाई स्वतः बनवलेली वाद्यं टेबलांवर मांडून बसल्या होत्या. शेवटच्या टेबलापाशी बाबा थबकले.

"अगं, ही तर सनई!"

"शॉम," बाईंनी दुरुस्त केलं. सनई म्हणजे काय, ते त्यांनी आधी माझ्याकडून समजून घेतलं आणि मग वाद्य बाबांच्या हातात दिलं.

मेपलच्या अखंड लाकडात आरपार नळी कोरलेली, वर अरुंद, खाली रुंदावत गेलेली. टोकाला बोरूच्या दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या. त्या थरथरल्या की एवढा मोठा आवाज निघतो. करंगळी लांबच्या भोकापर्यंत पोचत नाही म्हणून तिथे पितळी चावी, आणि चावीला धक्का लागू नये म्हणून तिच्यावर भोकाभोकांचं लाकडी आवरण. बाबांनी ते वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर सरकवलं.

बाई सांगत होत्या, मध्ययुगात वाद्यांची ही जात पश्चिम आशियातून युरोपात आली. इंग्लंडमधली शहरं पगारी वादक ठेवायची. मिरवणूक निघाली, कोणी बडा पाहुणा आला, की शॉम वाजायची. पुढे दिवाणखान्यात वाजवायला मवाळ आवाज हवा झाला, तेव्हा नळी अरुंद केली, रचना बदलली. त्यातून आजच्या वाद्यवृंदातला ओबो निघाला.

बाबांचं इंग्रजी चांगलं आहे, पण त्या दिवशी ते मराठीतच बोलत राहिले.

"विचार त्यांना, वाजवणाऱ्यांना जेवायला आत घ्यायचे का?"

मी विचारलं. "हे मला आजवर कोणी विचारलं नाही. शहराच्या वादकांना गणवेश होता, मान होता. गावोगाव फिरणाऱ्यांना मात्र भटके म्हणून हाकलायचे. जेवणाचं खरंच माहीत नाही."

"आम्हाला अंगणाबाहेर वाढायचे," बाबा म्हणाले.

मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. आजोबा सनई वाजवायचे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. बाबा सात-आठ वर्षांचे असताना शेजारी बसून साथीच्या सनईवर सूर धरायचे, म्हणजे एकच स्वर, न थांबता. धम्मदीक्षेनंतर वस्तीने ठरवलं, यापुढे कोणाच्या दारात वाजवायचं नाही. आजोबांनी सनई कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ती पुन्हा काढली नाही.

"मग त्यांना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं असणार. वाजवायचे फार सुंदर. पण निर्णय त्यांचाच होता. मला म्हणाले, तू शाळेत जा."

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी नवी पत्ती पाण्यात भिजवून बाबांपुढे धरली, आग्रह न करता. बाबांनी ती घेतली. पत्तीखाली एक लाकडी चकती होती, त्यावर ओठ टेकवायचे. बाबांना ती अडचणीची वाटली. "ही काढता येते का? ओठात पत्ती धरल्याशिवाय मला जमायचं नाही." चकती निघाली. पहिल्या फुंकेला नुसती हवा, दुसरीला चिरका आवाज. तिसरीला स्वर लागला आणि लागून राहिला. गाल फुगत होते, नाकाने श्वास आत जात होता, स्वर मात्र तुटत नव्हता. 

"हे कसं केलंत?" बाईंनी विचारलं. बाबांनी पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ मागवली आणि नाकाने श्वास घेत घेत पाण्यात फुंकून दाखवलं. "बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत," ते म्हणाले, आता चक्क इंग्रजीत.

नंतर आम्ही बाईंच्या वर्कशॉपला चारदा गेलो. बाबा त्यांना श्वास शिकवायचे आणि त्या मला बोटं. बाबा परत जायच्या आदल्या सकाळी मी एक साधी चाल पूर्ण वाजवून दाखवली.

"फार कर्कश आहे गं," ते म्हणाले, आणि पुन्हा वाजवायला सांगितलं.