नर्सबाईंनी टाळलेली गल्ली

कुसुमताई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं बाई, तेव्हा रस्ता खोदलेला होता." पलीकडे तो गोंधळला. दुपारच्या झोपेतच गेल्या, काही हाल झाले नाहीत, असं तो बिचारा सांगत होता आणि मी रस्त्याचं काय घेऊन बसले! पुढे विहारातल्या शोकसभेनंतर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेच आज इथं लिहितेय. दीड महिना उलटला. रडूही येऊन गेलं. पण पहिल्यांदा हायसंच वाटलं होतं, आणि ते लपवायचं तरी कशाला...

वणीत आम्ही दोघी मिळून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी लोकांना जुन्या गावातून पायी फिरवायचो. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्या सरकारी नर्स म्हणून. खाणींमुळे बदलून आलेली कुटुंबं विचारायची, "तुमच्या वणीत कोळशाच्या धुळीशिवाय बघायला काय आहे?" मला ते फार लागायचं. म्हटलं, चला, दाखवतेच. नदीकडची देवळं, मशीद, दगडी जोती, कोरीव चौकटी... पण लोकांच्या अंगणात शिरायचं तर ओळख हवी. मी हाक मारली की दार अर्धं उघडायचं. ताई दिसल्या की आत चहाचं आधण चढायचं, कारण निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलेली. म्हणून त्यांना सोबत घेतलं, आणि बघता बघता लोक माझ्यापेक्षा त्यांच्यासाठीच यायला लागले. थोडा राग यायचा, नाही असं नाही.

राजांचा भाग माझा, असं ठरलेलं. पण ताईंना राहवायचं नाही. गोंड राजे आणि भोसले यांची त्या बिनदिक्कत अदलाबदल करायच्या. मी खाकरले की म्हणायच्या, "राजा कोनताबी राहो मॅडम, होता न राजा?" मग एखाद्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करून विचारायच्या, "बाळ झोपलं का?" गृहभेटींच्या काळातली ती सवय. आतलं बाळ एव्हाना आजोबा झालेलं असलं तरी प्रश्न तोच. "चौकट कवाची ते मॅडम सांगतीन. आतल्या खोलीत एक पायाळू पोट्टा झालता, तो हा पाहा." 'तो' म्हणजे एक भरघोस मिशांचा ट्रकमालक, तोंडात ब्रश धरून ओशाळलेला. पाहुणे हसायचे, मग तोही हसायचा. माझ्या राजांना असं हसू कधी मिळालं नाही.

फक्त एका गल्लीत त्या पाऊल टाकत नसत. मशिदीमागून नदीकडे जायला पिंजारगल्ली ही सरळ वाट, आणि गावातला सगळ्यात देखणा लाकडी सज्जा तिथंच. ताई मात्र सगळ्यांना बाजाराच्या रस्त्यानं उन्हातून वळसा घालून न्यायच्या. मी चिडायची. एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं, "काहून जायचं नाही तिकडून?" त्या चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "तिथं रजियाबीचं पहिलं लेकरू माह्या हातात रडलंच नाही, मॅडम. मी त्याले घेऊन उभी होती आन् रजिया माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती... तवापासून त्या दारावरून नाही गेली." त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. डॉक्टरांनी तेव्हाच तसं सांगितलं होतं आणि रजियाबीला पुढे तीन मुलंही झाली. मी म्हटलं, मग जाऊन भेटा ना एकदा. "अन् तिनं दार लावून घेतलं तं?" ताईंनी विचारलं. आयुष्यभर दारं उघडत आलेल्या बाईला त्या एका दाराची धास्ती होती.

गेल्या हिवाळ्यात बाजाराचा रस्ता नालीसाठी आडवा खोदून ठेवला होता. ताई म्हणाल्या, "चला, परत फिरू." पण पाहुण्यांना लांबूनच तो सज्जा दिसला होता, आणि मोबाइल वर धरून मंडळी पिंजारगल्लीत शिरलीसुद्धा. ताई डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, कुठल्याच चौकटीवर टकटक न करता भराभर चालत होत्या. सज्ज्याखालच्या ओट्यावर एक म्हातारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसली होती. तिनं हाक मारली, "नर्सबाई!"

ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला.

"सगळ्याइच्या दारावर ठोकता म्हने तुमी," रजियाबी म्हणाली. "माह्याच दारावर काहून नाही?"

"कोन्त्या तोंडानं येऊ रजिया?" ताई पायरीकडे बघत म्हणाल्या. "तू मले माफ नाही करनार, असं वाटे."

"माफी कायची वो? त्या दिवशी माही सास रडली नाही, तुमी रडल्या. मी तं समजून राह्यली होती, आमचं घर दाखवन्यासारखं नाही, म्हनून तुमी लोकाइले तिकून नेता."

पाहुण्यांनी वर धरलेले मोबाइल खाली घेतले. मला सज्ज्याबद्दल खूप सांगायचं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. ताई ओट्यावर चढल्या आणि सवयीनं चौकटीवर टकटक केली. सवयीनंच तोंडून गेलं, "बाळ झोपलं का?" आणि कुणाच्या दारात काय विचारलं हे कळून त्यांनी तोंडाला पदर लावला.

रजियाबीनं त्यांचा तो चौकटीवरचा हात धरला. "झोपलं, नर्सबाई. कवाचंच झोपलं. तुमी बसा."

दोघी बराच वेळ ओट्यावर बसल्या. चहा झाला. नंतर नदीवर ताईंनी दोन्ही राजघराण्यांचा असा काही गोंधळ घातला की मी खाकरायचंही सोडून दिलं.

परवाच्या रविवारी मी एकटीनं फेरी काढली. कुणाच्या घरी कोण पायाळू जन्मलं हे मला ठाऊक नाही, राजे तेवढे बरोबर सांगितले. बाजाराचा रस्ता आता दुरुस्त झालाय, तरी मी पिंजारगल्लीतूनच गेले. रजियाबीच्या चौकटीवर बोट टेकवलं, पण पुढचं विचारायला जीभ वळेना. आतून तिनंच विचारलं, "मॅडम, नर्सबाई झोपेतच गेल्या म्हने?"

म्हटलं, "हो. दुपारच्या झोपेत."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आतल्या सुनेला चहा ठेवायला सांगून तिनं ओट्यावर माझ्यासाठी जागा केली.