मोडेमला बांधलेलं घर

जुना मोडेम एका पालीनं मारला. थंडीत उबेसाठी ती आत शिरली आणि दोघंही सोबतच गेली. कंपनीचा माणूस नवीन मोडेम लावून गेला, तेव्हा मी मनाशी ठरवलं की याच्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे असेच चांगल्या हेतूनं सुरू झालेले आहेत.

मी जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस. आम्हा फॅक्टरीवाल्यांना उघडी वस्तू बघवत नाही. कांचघर भागातल्या आमच्या घरात पाण्याच्या मोटरीला पत्र्याची टोपी आहे, गॅसच्या रेग्युलेटरला जाळी आहे, घंटीच्या बटणावर छप्पर आहे. बायको म्हणते, "मी एका जागी जास्त वेळ बसली तर मलेही झाकण बसवाल तुम्ही."

मग मोडेमला पेटी केली. जाड पोलादी पत्रा, कडांना वेल्डिंग, खाली वायरीपुरतं भोक, हवेसाठी बारीक फटी, समोर कुलपाचं झाकण. वरून राखाडी रंगाचे दोन हात. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? शॉक लागू नये म्हणून पेटीला अर्थिंगसुद्धा दिलं. ज्यांना यातलं कळतं ते इथंच हसतील. त्यांनी जरा दम धरावा, कारण पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कोणीच हसलं नाही.

त्याचं कारण माझी सासू. ती कामठीला माझ्या मेहुण्याकडे राहते. तिला ऐकू जवळजवळ येतच नाही. कानाचं यंत्र तिनं सुपारीच्या डबीत ठेवून दिलंय, म्हणते, "त्यात नुसती भांडी आपटतात." पण ती ओठ वाचते. रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला बायको टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, चेहऱ्यावर उजेड येईल अशी बसते आणि हळूहळू बोलते. सासू तिकडून तिच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि उत्तरं देते. मायलेकींचं सगळं बोलणं त्या एवढ्याशा काचेवर चालतं. आवाज नाही पोचला तरी चालेल, चित्र मात्र सरळ पाहिजे.

नवीन मोडेम आला आणि चित्रच गेलं. बायकोचं तोंड अर्धं उघडून तसंच राहायचं. मग एकदम चौकोन चौकोन व्हायचे आणि हनुवटी कपाळावर चढायची. सासूनं पहिल्या दिवशी विचारलं, "माझ्या पोरीचं तोंड काहून असं फुटून राहिलं?"

मी कंपनीला फोन लावला. आधी गाणं ऐकलं, मग एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, मग पुन्हा तेच गाणं. शेवटी एक बाई आल्या.

"सर, मोडेम बंद करके चालू कीजिए।"

"मॅडम, कर चुका हूँ।"

"एक बार और कीजिए।"

मी कुलूप उघडलं, झाकण उघडलं, मोडेम बंद करून चालू केला. फोनवर स्पीड बघितली तर भरपूर!

"देखिए सर, ठीक हो गया," बाई म्हणाल्या. मी झाकण लावलं, कुलूप लावलं, आणि संध्याकाळी बायकोची हनुवटी पुन्हा कपाळावर.

हेच नाटक मी किती वेळा केलं याची मला आता लाज वाटते. दर वेळी तपासायला पेटी उघडायची, सगळं झकास. पेटी लावून खोलीत येऊन बसलो की नेटचा बैल बसला. मला एकदाही शंका आली नाही. मला कोणाची शंका आली? शेजाऱ्याची. माझ्यासोबतच निवृत्त झालेला माणूस, तीस वर्षं एका टिफिनमधून खाल्लेलं. पण भिंतीला भिंत लागून, म्हणजे आपलं इंटरनेट ओढत असणार! मी पासवर्ड बदलून इतका अवघड केला की टॅबलेटमध्ये टाकताना माझाच तीनदा चुकला. वर त्याला गच्चीवरून टोमणाही मारला, "काय भाऊ, आजकाल फिल्मा जोरात पाहून राहिले!"

तो बिचारा म्हणाला, "आमच्याकडे टीव्ही बिघडला आहे बाप्पा."

मग कंपनीचा माणूस आला. मी ऐटीत कुलूप काढून झाकण उघडलं. त्यानं फोन पुढं धरला. "अंकल जी, स्पीड तो पूरी आ रही है।"

"भैया, तुम जाते हो, तब चली जाती है।"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण सासरी भांडून आलेल्या माणसाकडे पाहतो. मग पेटीवर बोटानं टकटक करून म्हणाला, "मगर डिब्बा गजब का बनाया है। एक हमारे लिए भी बना दीजिए।" मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला, आणि तक्रार अर्धवटच राहिली.

घरात मोबाइलचं नेटवर्क नावापुरतं येतं. म्हणून एक दिवस बायको म्हणाली, "चला, ग्वारीघाटला जाऊन लावू." गेलो. तिथं नर्मदेच्या काठावर नेटवर्क असं धावत होतं की माझ्या पोटात दुखायला लागलं. फुलवाला फुलं विकता विकता व्हिडिओ बघत होता! पण आम्ही पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. बायकोच्या तोंडावर अंधार, मागं दिव्यांचा लखलखाट. सासू डोळे बारीक करकरून म्हणाली, "दिवे दिसतात बाई. तू नाही दिसून राहिली."



त्यानंतर मेहुण्याचा निरोप आला. आई म्हणते, आता रोज नको लावू. पोरीचं तोंड तुटलेलं पाहून मले झोप लागत नाही.

बायकोनं तो मला वाचून दाखवला आणि साखरेचा डबा उचलून फडताळात ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी पुन्हा त्या बाईंना फोन करून इतका ओरडलो की त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "सर, एक बार मोडेम बंद करके…"

शेवटी मेहुण्याला हातापाया पडून म्हटलं, एक दिवस आईला बसव. कंपनीच्या माणसालाही त्याच दिवशी बोलावलं. तो आला, स्पीड पूरी म्हणाला आणि गेला. इकडे बायकोनं डबा काढला, टॅबलेट टेकवला. आणि काय सांगू, चित्र आरशासारखं! सासूनं भुवई वर केली, पदर सावरला आणि दोघी सुरू झाल्या. मी मागं उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होतो. फोनवर ओरडलो त्याचा परिणाम झाला शेवटी!

तेवढ्यात माझं लक्ष पेटीकडे गेलं. कंपनीच्या माणसासाठी काढलेलं झाकण अजून सताड उघडं. मी शिस्तीचा माणूस. गेलो आणि लावलं.

"गेलं!" बायको ओरडली. "काय केलं तुम्ही?"

"काही नाही. झाकण लावलं."

ती वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"उघडा."

उघडलं. सासू परत आली.

"लावा."

लावलं. सासूचे तुकडे झाले.

"उघडा."

तिकडून सासूचा आवाज आला, "लाइट जाऊन येऊन राहिली का वो तुमच्याकडे?"

बायको उठली. पेटीपाशी आली, त्या पोलादावर टकटक केलं, अर्थिंगच्या वायरीला बोट लावलं. "इतके दिवस," ती म्हणाली, "माझी माय तुम्ही डब्यात कोंडून ठेवली होती."

पोलादातून वाय-फाय बाहेर पडत नाही, हे मला फॅक्टरीवाल्याला आधीच कळायला हवं होतं. मी पेचकस आणला आणि तिथल्या तिथं बिजागऱ्या खोलायला लागलो. बायको परत जाऊन बसली आणि आईला सगळं रंगवून सांगायला लागली: पेटी, कुलूप, रंगाचे दोन हात, शेजाऱ्याचा टीव्ही. सासू तिच्या ओठांवरून डोळे हटवत नव्हती आणि हसून हसून पदरानं नाक पुसत होती. बिजागरीचा एक स्क्रू मीच ठोकून गच्च केलेला, तो काही निघेना. झाकण हातात, मी घामाघूम. बायकोच्या खांद्यामागून काचेत डोकावलो आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून पुटपुटलो, "आता बसतील दोघी तासभर माझी इज्जत काढत."

सासूचं हसणं थांबलं. तिनं मान जराशी तिरपी करून थेट माझ्याकडे पाहिलं.

"तासभर नाही, जावईबापू," ती म्हणाली. "पंधरा दिवसांचं साचलं आहे. तुम्ही चहा ठेवा."