साइड देणारा माणूस

चहा संपवा आधी. मी असा घोटाळा करून बसलोय की ऐकताना तुमच्या हातातला कप हिंदकळेल.

मला कॉम्प्युटरवर गाड्यांच्या रेसचा नाद आहे. नाद म्हणजे किती? ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलंय, खाली पेडल आहेत, आणि ब्रेक दाबला की चाकांची खुर्ची मागे पळते म्हणून तिची चाकं जुन्या चपलांमध्ये घातलीत. त्यातली एक चप्पल वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची. ती जुनी होती यावर आमचं अजून एकमत नाही.

दर रविवारी दुपारी आमच्या ग्रुपची ऑनलाइन रेस असते. बारा जण, आपापल्या घरी, कानाला हेडफोन. आणि मी कायम बारावा. तो आकडा स्क्रीनवर बघवेना, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मी तो बंदच करून टाकला होता.

ग्रुप चालवणारा सुशांत दादरला राहतो, वयाने माझ्या निम्मा. एकदा त्याचा फोन आला.

"काका, राग मानू नका. या रविवारी पण शेवटचे आलात तर तुम्हाला शिकाऊ ग्रुपमध्ये टाकावं लागेल. तिकडे सगळी आठवी-नववीतली पोरं आहेत."

सेहेचाळिसाव्या वर्षी परत आठवीत? मला जेवण गोड लागेना.

एका बाबतीत मात्र माझा हात धरणारा कुणी नाही. शिस्तीत. रेसमध्ये पुढचे लोक आपल्यापेक्षा एक फेरी जास्त मारून मागून परत येतात. तेव्हा निळा झेंडा दाखवतात आणि आपण मुकाट्याने साइड द्यायची असते. मी झेंड्याची वाटसुद्धा बघत नाही. आमच्या वाडीच्या बोळात स्कूटर आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलंय.

झालं, रविवार आला. रेस सुरू झाली आणि नेमकी चप्पल सटकली. खुर्ची गर्रकन फिरली. मी सावरेपर्यंत सगळे पसार. पहिल्या वळणावर पोचतो तर धूरच धूर, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. किती होत्या, देवाला माहीत. मी सॉरी सॉरी म्हणत गवताच्या कडेने हळूच निघालो.

पुढे रस्ता मोकळा. वैशाली येऊन मागे उभी राहिली.

"बाकीचे कुठे गेले रे?"

"पुढे."

"दिसत तर नाहीत."

"खूप पुढे गेलेत."

"आणि मागे कोण?"

"अडकलेत चार-पाच जण. ते मागेच राहिले की माझी आठवी टळली."

दोन फेऱ्या उरल्या असताना आरशात एक लाल गाडी दिसली. काय तो वेग! हा नक्की पहिला असणार, फेरी मारून आलेला. निळा झेंडा काही दिसला नाही, पण मला कधी गरज पडलीय त्याची? मी गाडी कडेला घेतली.

हेडफोनमध्ये आवाज आला, "काका, गाडी बंद पडली काय?"

"नाही रे, तू जा."

त्याने माझ्या बाजूला येऊन गाडी हळू केली. "नक्की ना?"

"अरे जा बाबा. शिस्त म्हणजे शिस्त."

तो गेला. त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला, मग रांगच लागली. मी एकेकाला साइड देत होतो. "थँक्यू काका." "काका, एकदम भारी माणूस आहात." मला भरून आलं. म्हटलं, आजकालची पोरं किती कदर करतात.

रेस संपली. सुशांत म्हणाला, "काका, तुम्ही शेवटचे."

"असं कसं? ते धुरात अडकलेले?"

"सगळेच अडकले होते, काका. अकराच्या अकरा. तुम्ही एकटे सुटलात. तेव्हापासून तुम्हीच पहिले होतात."

"मग ती लाल गाडी?"

"ती दोन नंबरवर होती."

हेडफोनमध्ये कुणीतरी हसून हसून खोकायला लागलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मला ठेवायचं की आठवीत पाठवायचं, यावर संध्याकाळी ग्रुपवर मतदान झालं. अकराही मतं माझ्या बाजूने पडली. मी छाती फुगवून स्वयंपाकघरात गेलो आणि वैशालीला सांगितलं, "बघ, ठेवलं मला. एकमताने."

तिने पोळी उलटली. म्हणाली, "ठेवणारच. पहिला नंबर घरपोच देणारा माणूस कोण सोडेल?"