कोपराच्या खाली काही नको!

हॉस्पिटलात जंतू साचू द्यायचे नाहीत, हे माझं काम. किस्से मात्र साचतच जातात, आणि त्यांच्यावर अजून कुठलं अँटिबायोटिक निघालेलं नाही! मी बोईसरच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर. म्हणजे जिला पाहिलं की सगळे आधी हात धुतात आणि मग मनातल्या मनात शिव्या घालतात, ती बाई.

*

हॉस्पिटलातले जंतू औषधं पचवून बसलेले असतात. पेशंटपर्यंत ते पोचतात आपल्याच हातांनी, नाहीतर मोबाइलवरून. म्हणून आमच्या सफाईवाल्या सुमनमावशी आयसीयूच्या दारातच प्रत्येकाचा मोबाइल पुसून घेतात. एकदा मोठ्या डॉक्टरांचा फोन त्यांच्या हातात असतानाच वाजला. मावशींनी उचलला आणि म्हणाल्या, "जरा थांबा बाई, साहेबांना पुसून घेते, मग बोला!"

पलीकडे डॉक्टरांची बायको होती. त्या दिवशी राउंड बराच उशिरा सुरू झाला.

*

दातिवऱ्याचे लक्ष्मणकाका न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. होडीवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांना भेटायला टेम्पो भरून गाव आलं. माझा नियम ठरलेला: कोपराच्या खाली काही नको. घड्याळ, अंगठी, गंडा, सगळं बाहेर, कारण त्याखालचा हात नीट धुतलाच जात नाही. लोकांनी कुरकुरत का होईना, सगळं उतरवलं.

काकांच्या बायकोने, पार्वतीकाकींनी, मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले. मनगटभर हिरवा चुडा होता.

"बाय, तो जिता हाय ना? मंग बांगड्या काढायच्या नाय!"

काकी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि काचेतून नवऱ्याकडे बघत राहिल्या. तरी मी नियम सोडला नाही.

*

बाकावर बसल्या बसल्या काकींनी माझीच नोकरी घेतली! तारापूरच्या कारखान्यातला एक कामगार भावाला भेटायला आला, तर ह्यांनी त्याला दारातच अडवलं. "ए बाबा, हाथ धोया क्या? मेरा आदमी अंदर हाय!"

एकदा मोठे डॉक्टर घाईत आत निघाले. काकींनी पदर खोचला. "डाक्तर, तुमी पन?" डॉक्टर गुपचूप बेसिनकडे वळले. तेव्हापासून ते राउंडला आले की आधी काकींना ओले हात दाखवायचे. काकींनी मान डोलावली की मगच आत.

*

आणि मग काकांना पुन्हा ताप चढला. पुतण्या डॉक्टरांच्या मागे लागला, "साहेब, सगळ्यात भारी इंजेक्शन द्या ना!"

"एक औषध चालू आहे. शेवटची तोफ आत्ताच डागली आणि जंतू तिलाही सरावला, तर पुढे काय करू? रिपोर्ट येऊ दे."

कफातला जंतू ओळखणाऱ्या कल्चरचा रिपोर्ट आला. क्लेब्सिएला नावाचा जंतू, तोही बहुतेक औषधांना दाद न देणारा! एकच औषध लागू पडेल असं दिसत होतं. काकांना वेगळ्या खोलीत हलवलं, त्यांची सगळी उपकरणं वेगळी केली आणि ते औषध सुरू केलं. सुमनमावशी तिथल्या कॉटचे दांडे असे पुसायच्या, जणू त्यांच्याच घरी लग्न आहे.

हळूहळू ताप उतरला. घशातली नळी निघाली. पण काका डोळे उघडेनात, बोलेनात. डॉक्टर बाकापाशी येऊन म्हणाले, "काकी, औषधाने त्याचं काम केलंय. आता तुमची हाक आणि तुमचा हात हवाय."

*

काकींनी पदराखालून हात बाहेर काढले. मग त्यांनी मावशींपुढे हात धरले. "काढ गो बाय. पन फोडू नको."

मावशींनी साबण लावून एकेक बांगडी अलगद उतरवली. काकींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. नवरा समोर जिवंत असताना मोकळी मनगटं! माझ्याने बघवेना. मी बांगड्या एका डबीत ठेवल्या.

काकींनी कोपरापर्यंत हात धुतले, प्लास्टिकचा एप्रन घातला आणि आत जाऊन काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

"आवो, मी आली."

काकांच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. नजर आधी काकींच्या चेहऱ्यावर गेली, मग खाली मनगटांवर आली आणि तिथेच थांबली. सुकलेल्या ओठांतून घोगरा आवाज आला,

"पारू, मी हाय गो अजून!"