समोरची बोटं

सुरतेत प्लेगची भीती पसरली तेव्हा मी माझ्या कामावरच्या जोडीदाराला सगळ्यांसमोर नाकारलं. ती माझीच चूक होती.

आम्ही दोघे खानदेशातले, भेस्तानच्या लूम कारखान्यात कामाला. यंत्रावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला की त्याचा एकेक धागा ओवावा लागे. पलीकडे बसलेला तो धागा पुढे करी, अलीकडून मी आकड्याने ओढून घेई. दिवसभर बोटांना बोटं लागत. त्याची बोटं रेंगाळली की मला कळे, याला घर आठवलं. तो वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

एका सकाळी धागा देता देता तो खोकला. त्या कारखान्यात सगळेच खोकत, पण मी हात मागे घेतला आणि देखरेख करणाऱ्या मास्तरला ओरडून सांगितलं, "मला दुसरा जोडीदार द्या!" मग त्याच्यासमोर कुणीच बसेना. जोडीदार नाही म्हणजे काम नाही. तो आपल्या खोलीवर निघून गेला.

नंतर मी सारखा काखेत प्लेगची गाठ आली का ते चाचपत होतो. गाठ आली नाही. त्यालाही काही झालं नव्हतं, तरी त्याला कुणी बोलावलं नाही. शेवटी मी डिंडोलीला त्याच्या खोलीवर गेलो.

"का रे भो, तोंडले रुमाल नही बांधा?" दारातूनच त्याने टोमणा मारला.

मी त्याचा हात धरला. "दादा, तू आजारी नव्हतास, मी भ्यालो होतो. माझ्यामुळे तुझं काम गेलं. मला माफ कर. उद्या कारखान्यात सगळ्यांसमोर हेच सांगतो."