एकपदरी नळ्या

करडईच्या तेलापासून कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या करणं हा माझ्या पीएचडीचा विषय. तेलाची वाफ भट्टीत सोडायची अन् मागं उरलेली काजळी खरवडायची. "काजळी धरायला एवढं शिकावं लागतंय का?" आई म्हणायची. सहा वर्षं धरली.

वडलांना, अण्णांना, मात्र पटकन कळलं. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी मी त्यांच्यासमोर गुंडाळली. "कार्बनचा एका अणूइतका पातळ थर असाच जाळीदार असतो, अण्णा. एका अंगानं गुंडाळला तर नळीच्या तोंडाला नागमोडी काठ येतो, ती झिगझॅग. दुसऱ्या अंगानं गुंडाळला तर काठ खुर्च्या मांडल्यासारखा, ती आर्मचेअर. तिरका गुंडाळला तर पीळ पडतो, ती कायरल. भिंत एकच असली तर नळी एकपदरी. एकात एक नळ्या बसल्या तर बहुपदरी."

"मंग तुझी कंची?"

"एकपदरी," मी ठणकावून सांगितलं. नोंदणीच्या कागदावर तसंच होतं ना! आमच्याकडं प्रयोगाआधी शीर्षक ठरतं, मूल व्हायच्या आधी बारसं. गाईड सरांना 'एकपदरी' वजनदार वाटलं होतं.

पाचव्या वर्षी पुण्याहून माझ्या नळ्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो आले. प्रत्येक नळीच्या भिंतीत एकीशेजारी एक रेघा, कुठं सहा, कुठं दहा. सगळ्या बहुपदरी. सर म्हणाले, "शीर्षक बदलायचं म्हणजे नव्यानं सुरुवात. वय काय तुमचं, मॅडम? हा धूसर फोटो लावा, बाकीचे राहू द्या." अस्सा संताप आला! पण माझ्या प्रत्येक कागदाला त्यांचीच सही लागायची. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. मी तो धूसर फोटो लावला, अन् त्याची मला अजून लाज वाटते.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी राहवेना. घरी फोन केला. "अण्णा, माझं काम चुकलंय. उद्याचं पुढं ढकलते."

"आता कावून ढकलायचं? आपल्या सिरसाळ्याच्या चौकात बॅनर लागलंय, नावाआधी 'डॉक्टर' लिहून. दोन जीपा सांगितल्यात. लई लोक येणार हायेत."

आमच्याकडं परीक्षेआधीच सत्कार ठरतो, शाल-नारळासकट. निकाल चौकात लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सभागृहात विद्यार्थी कमी अन् पाहुणे जास्त. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो धूसर फोटो पडद्यावर मोठा करायला लावला. "या नळीला भिंती किती?"

गाईड सर खिडकीबाहेर बघत होते. अण्णा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ बसलेले.

"एक, सर," मी म्हणाले.

परीक्षकांनी एकदा पडद्याकडं बघितलं अन् पेन काढलं. मग त्यांनी सही केली. टाळ्या झाल्या. माझ्याशी हात मिळवताना ते हळूच म्हणाले, "मला आठ दिसल्या, डॉक्टर."

तेवढ्यात आईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला.