खानावळीचा पंखा आणि शेजाऱ्याचं कुंपण

ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी अहेरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हजेरी चालू असतानाच खबर आली: खानावळवाल्याची बायको कपडे वाळत घालताना करंट लागून पडली, आणि करंट शेजाऱ्यानं सोडला.

शेजारी धानाचा शेतकरी. रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडल्याचा जुना गुन्हा त्याच्या नावावर होता. कपड्यांच्या तारेचं एक टोक खानावळीच्या टिनाच्या भिंतीला, दुसरं त्याच्या कुंपणाच्या लाकडी खुंटाला. त्यात दोन घरांचं जागेवरून भांडण. आणखी काय हवं? आम्ही टेस्टर लावला तेव्हा तारेत वीज नव्हती. "तुमची जीप पाहून कनेक्शन काढून घेतलं यानं," तिचा नवरा म्हणाला. जमाव तापला होता. पंचनामा आटोपून शेजाऱ्याला मी ताब्यात घेतलं.

खोटं बोलणारा चौकशीत फार बोलतो, असा माझा अनुभव. हा मोजकंच बोलला. "डुकरासाठी लावलो होतो साहेब, नाई काऊन म्हणू? पण ते पोरगी मले काका म्हणते. वाचली का ते?"

वाचली होती. ती शुद्धीवर आल्याचं कळताच जबाब घ्यायला मी स्वतः दवाखान्यात गेलो. "फोडणीचा धूर झाला, मंग पंखा लावला अन् कपडे घेऊन बाहेर आली," ती म्हणाली.

पंख्याचं नाव तोवर कुणीच काढलं नव्हतं. तिला उचलताना घाबरून कुणीतरी मेन स्विच पाडला होता, म्हणून आम्हाला तारेत वीज सापडली नव्हती. लाइनमनला नेलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेन चालू करून पंखा लावायला सांगितला. टिनाला टेकवताच टेस्टरचा दिवा लागला. धूर काढायचा तो पंखा नवऱ्यानं स्वतःच बसवला होता. वायर पाईप न घालता टिनाच्या भोकातून ओढलेली, पत्र्याच्या धारेनं सोललेली. अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. पंखा फिरला की भिंत आणि तिला बांधलेली तार, दोन्हींत करंट.

निरपराध माणूस खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात अडकता अडकता राहिला होता. शेजाऱ्याला सोडताना नवरा ठाण्यात आला आणि हात जोडून माफी मागू लागला.

"माफी मंग मागजो," शेजारी म्हणाला. "पोरगी घरी यायच्या आधी ते वायर पायपातून घे."

पुढे करंटची केस आली की मी आधी विचारायचो, त्या वेळी घरात काय काय चालू होतं. कुणाचं कुणाशी वाकडं आहे, ते नंतर.